रुग्णालयातील औषध-माहिती औषधनिर्माता : कार्यस्वरूप व महत्त्व

प्रस्तावना

औषधांविषयीची माहिती आज दुर्मीळ राहिलेली नाही. संदर्भग्रंथ, नियतकालिके, वेष्टनातील माहितीपत्रके आणि संगणकीय शोधसाधने यांमुळे कोणत्याही औषधाची मात्रा, उपयोग व दुष्परिणाम काही क्षणांत समोर येतात. तरीही वॉर्डात काम करणाऱ्या डॉक्टरांना किंवा परिचारिकेला पडलेला प्रश्न तेवढ्याने सुटतोच असे नाही. ग्रंथातील माहिती औषधाविषयी असते. वॉर्डातील प्रश्न मात्र एका विशिष्ट रुग्णाविषयी असतो. त्या रुग्णाचे वय व वजन, मूत्रपिंड व यकृत यांची कार्यक्षमता, सोबत चालू असलेली औषधे आणि औषध देण्याचा मार्ग यांवर उत्तर अवलंबून असते. ही दोन टोके जोडण्याचे काम औषध-माहिती औषधनिर्माता करतो. प्रस्तुत लेखात या कार्याची पार्श्वभूमी, पद्धती आणि भारतातील स्थिती यांचे विवेचन केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर नव्या औषधांची संख्या झपाट्याने वाढली. त्यांच्याविषयीचे संशोधन अनेक नियतकालिकांत विखुरलेले होते आणि प्रत्यक्ष उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ते सर्व वाचणे अशक्य होऊ लागले. पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये विक्रीस आलेले थॅलिडोमाइड हे औषध गर्भवती स्त्रियांनी घेतल्यामुळे हजारो बालके जन्मजात व्यंगासह जन्मली. नोव्हेंबर १९६१ मध्ये तेथील बाजारातून ते मागे घेण्यात आले. औषधाच्या सुरक्षिततेविषयीची माहिती वेळीच गोळा होऊन योग्य ठिकाणी पोहोचणे किती आवश्यक आहे, हे या घटनेने जगाला दाखवून दिले.

याच सुमारास, १९६२ मध्ये, अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात औषध-माहिती केंद्र सुरू झाले. या प्रकारचे ते पहिले केंद्र मानले जाते. औषधे साठवणे व वितरित करणे एवढ्यापुरती मर्यादित असलेली औषधनिर्मात्याची भूमिका येथून विस्तारली आणि औषधविषयक पुराव्याचे मूल्यमापन करून सल्ला देणे हे त्याचे स्वतंत्र कार्यक्षेत्र ठरले.

कार्यपद्धती

विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याची शिस्तबद्ध पद्धत वातानाबे व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मांडली. पुढे तिच्यात भर पडून ती सात टप्प्यांची झाली. हे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत :

१) प्रश्न विचारणारी व्यक्ती कोण आहे, हे जाणून घेणे.
२) रुग्णाची व प्रश्नामागील परिस्थितीची माहिती मिळवणे.
३) मूळ प्रश्न निश्चित करून त्याचे वर्गीकरण करणे.
४) संदर्भांचा शोध घेणे.
५) मिळालेल्या माहितीचे मूल्यमापन व विश्लेषण करणे.
६) उत्तर तयार करून देणे.
७) पाठपुरावा करणे व नोंद ठेवणे.

या सातांपैकी दुसरा व तिसरा टप्पा निर्णायक असतो. विचारलेला प्रश्न आणि खरा प्रश्न हे पुष्कळदा भिन्न असतात. हा भेद ओळखता आला नाही, तर ग्रंथातील अचूक उत्तरही रुग्णासाठी चुकीचे ठरू शकते. पुढील तीन उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

उदाहरण पहिले : औषध तेच, मात्रा वेगळी

कोविडच्या साथीत २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी या इंजेक्शनचा तुटवडा निर्माण झाला. अशा वेळी ‘लायपोसोमल मिळत नाही, साधे अँफोटेरिसिन मिळाले आहे, ते वापरता येईल का?’ असा प्रश्न येणे स्वाभाविक होते. ‘वापरता येईल’ एवढेच उत्तर येथे धोकादायक आहे. नावातील घटक एकच असला, तरी दोन्ही रूपांची मात्रा सारखी नसते. या आजारात लायपोसोमल रूपाची नेहमीची दैनिक मात्रा दर किलोग्रॅम वजनामागे ५ मि.ग्रॅ. किंवा त्याहून अधिक असते; साध्या रूपात मात्र ती १.५ मि.ग्रॅ.च्या पुढे नेता येत नाही. ६० किलो वजनाच्या रुग्णासाठी पहिल्या रूपातील ३०० मि.ग्रॅ. ही योग्य मात्रा होय. साधे औषध त्याच मात्रेत दिल्यास ९० मि.ग्रॅ.ची कमाल मर्यादा तिपटीहून अधिक ओलांडली जाते आणि हृदय व श्वसन बंद पडून मृत्यू ओढवू शकतो.

म्हणून येथे उत्तर देताना औषधनिर्माता रुग्णाचे वजन विचारतो आणि मिळालेल्या कुपीवरील औषधाचे पूर्ण नाव वाचून घेण्यास सांगतो. हे औषध सलाईनमध्ये मिसळल्यास साका तयार होतो. ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच मिसळावे लागते, हेही तो सांगतो. औषध अनेक तासांत सावकाश देणे, मूत्रपिंडाच्या तपासण्या करणे आणि रक्तातील पोटॅशियम व मॅग्नेशियमवर लक्ष ठेवणे या सूचना त्याच उत्तराचा भाग असतात.

उदाहरण दुसरे : अहवालातील कमी पातळी

फिट येऊ नये म्हणून फेनिटॉइन घेणाऱ्या एका रुग्णाच्या रक्तातील औषधाची पातळी दर मिलिलिटरमागे ८ मायक्रोग्रॅम आली, असे मानू. अपेक्षित पातळी १० ते २० असते. साहजिकच ‘मात्रा किती वाढवावी?’ असा प्रश्न येतो. औषध-माहिती औषधनिर्माता उत्तरापूर्वी एक प्रतिप्रश्न करतो : रुग्णाचे अल्ब्युमिन किती आहे?

फेनिटॉइनचा सुमारे ९० टक्के भाग रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधलेला असतो. परिणाम घडवतो तो उरलेला मुक्त भाग. प्रयोगशाळेचा नेहमीचा अहवाल मात्र एकूण औषध मोजतो. अल्ब्युमिन कमी असेल, तर एकूण पातळी कमी दिसूनही मुक्त औषध पुरेसे असू शकते. शायनर-टोझर सूत्रानुसार मोजलेल्या पातळीला (०.२ × अल्ब्युमिन + ०.१) या संख्येने भागतात. अल्ब्युमिन दर डेसिलिटरमागे २ ग्रॅम असल्यास भाजक ०.५ येतो आणि ८ ची सुधारित पातळी १६ ठरते. म्हणजे पातळी कमी नसून योग्य मर्यादेत आहे. फेनिटॉइनचे चयापचय मर्यादित क्षमतेचे असल्याने मात्रेतील अल्प वाढही पातळी अनपेक्षितपणे उंचावते. अशा रुग्णाची मात्रा वाढवली असती, तर तोल जाणे, ग्लानी आणि संभ्रम अशी विषबाधेची लक्षणे उद्भवली असती. हे सूत्र अंदाज देणारे आहे. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णात ते जसेच्या तसे लागू पडत नाही. शक्य असेल तेथे मुक्त पातळी मोजणेच अधिक योग्य, हेही उत्तरात नमूद करावे लागते.

उदाहरण तिसरे : न सांगितलेले वय

‘सेफ्ट्रायाक्झोन चालू असताना रिंगर लॅक्टेट देता येईल का?’ हा वरकरणी साधा प्रश्न आहे. रिंगर लॅक्टेटमध्ये कॅल्शियम असते आणि सेफ्ट्रायाक्झोनशी त्याचा संयोग होऊन न विरघळणारे कण तयार होतात. नवजात अर्भकांच्या फुप्फुसांत व मूत्रपिंडांत असे कण आढळून मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे २८ दिवसांपर्यंतच्या अर्भकाला शिरेतून कॅल्शियमयुक्त द्रव दिला जात असेल किंवा द्यावा लागणार असेल, तर हे प्रतिजैविक निषिद्ध मानले जाते. मोठ्या रुग्णात दोन्ही एकाच नळीतून एकाच वेळी देऊ नयेत. परंतु मध्ये नळी योग्य द्रवाने पूर्णपणे धुऊन घेतल्यास एकामागून एक देता येतात. प्रश्नात वयाचा उल्लेख नव्हता. उत्तर मात्र संपूर्णपणे वयावर अवलंबून होते.

संदर्भसाधने व त्यांचे मूल्यमापन

माहितीचे स्रोत तीन स्तरांत विभागले जातात. तृतीयक स्रोतांत संदर्भग्रंथ येतात. १८८३ पासून प्रकाशित होत असलेला ‘मार्टिनडेल’ आणि भारतीय औषधसंहिता आयोगाची ‘नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया’ ही त्यांची उदाहरणे होत. दुय्यम स्रोतांत ‘पबमेड’सारख्या सूची, तर प्राथमिक स्रोतांत मूळ संशोधनलेख येतात. शोध सामान्यतः तृतीयक स्रोतापासून सुरू करून गरजेनुसार मूळ संशोधनापर्यंत नेला जातो.

मूळ संशोधन नवीन असते. ते विश्वासार्ह असेलच असे मात्र नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनविषयीचा एक बहुचर्चित लेख ‘द लॅन्सेट’मध्ये २२ मे २०२० रोजी प्रसिद्ध झाला आणि मूळ आकडेवारीची पडताळणी होऊ न शकल्याने ४ जून २०२० रोजी मागे घेण्यात आला. याउलट, त्याच जून महिन्यात ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने डेक्सामेथासोनचा उपयोग दाखवला. तो लाभ ऑक्सिजन वा कृत्रिम श्वसनाची गरज असलेल्या रुग्णांपुरता होता. ऑक्सिजन न लागणाऱ्यांत तो आढळला नाही. ‘कोविडवर डेक्सामेथासोन चालते’ असे अर्धे उत्तर म्हणूनच अपुरे ठरते. संगणकाने क्षणात तयार करून दिलेले उत्तरही याच कसोटीवर, मूळ स्रोतापर्यंत जाऊन, तपासावे लागते.

नोंदी व औषधदक्षता

उत्तर दिल्यावर काम संपत नाही. प्रश्न, वापरलेले संदर्भ, दिलेला सल्ला आणि त्याचा परिणाम यांची नोंद ठेवली जाते. एकच प्रश्न वारंवार येत असल्यास तो व्यवस्थेतील दोषाकडे निर्देश करतो. अशा नोंदींवरून परिचारिकांसाठी मिश्रणविषयक तक्ते, औषधवार्तापत्रे आणि रुग्णालयाची औषधसूची यांत सुधारणा करता येते.

औषधाच्या प्रतिकूल परिणामांची नोंद हा याच कार्याचा दुसरा भाग होय. भारतीय औषधदक्षता कार्यक्रम जुलै २०१० मध्ये सुरू झाला आणि २०११ पासून गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोग त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र म्हणून काम पाहतो. औषध व परिणाम यांतील कार्यकारणसंबंध ठरवण्यासाठी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेली, दहा प्रश्नांची नारान्जो श्रेणी उपयोगी पडते.

भारतातील स्थिती व मर्यादा

भारतात २००८ पासून सहा वर्षांचा फार्म.डी. हा रुग्णाभिमुख अभ्यासक्रम उपलब्ध झाला. औषधनिर्माण व्यवसाय विनियम, २०१५ यांनी रुग्णसमुपदेशनाला औषधनिर्मात्याच्या कर्तव्यांत स्थान दिले. महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषदेनेही औषध-माहिती केंद्र चालवले आहे. तथापि अनेक रुग्णालयांत औषधनिर्मात्याचे काम अद्याप खरेदी, साठा आणि वितरण यांपुरतेच राहिले आहे.

या कार्याच्या काही मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. उपचाराचा अंतिम निर्णय डॉक्टरांचा असतो. औषधनिर्माता निदान करत नाही. पुरावा अपुरा असेल तेथे तो अपुरा असल्याचे स्पष्ट सांगणे हेच प्रामाणिक उत्तर असते. तातडीच्या प्रसंगी सविस्तर लेखी उत्तर नंतर देऊन, धोका टाळणारी सूचना आधी तोंडी द्यावी लागते.

निष्कर्ष

वरील तिन्ही उदाहरणांत आवश्यक माहिती ग्रंथांत उपलब्ध होती. रुग्णाचे हित साधले गेले ते वजन, अल्ब्युमिन आणि वय यांविषयी विचारलेल्या एकेका प्रतिप्रश्नामुळे. औषध-माहिती औषधनिर्मात्याचे वैशिष्ट्य त्याच्याकडील ग्रंथसंग्रहापेक्षा या प्रतिप्रश्नात आहे. म्हणून अशी सेवा उभारताना संगणक व संदर्भसाधने पुरवणे पुरेसे नाही. प्रशिक्षित औषधनिर्मात्याला वॉर्डात जाण्याची, रुग्णाचे कागद पाहण्याची आणि डॉक्टरांना प्रश्न विचारण्याची मुभा असणे तितकेच आवश्यक आहे. ही मुभा नसेल, तर वेष्टनावरील मजकूर दूरध्वनीवर वाचून दाखवण्यापलीकडे ही सेवा जाणार नाही.