महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील आत्महत्येच्या विचारांची पूर्वचिन्हे आणि प्राध्यापकांची भूमिका

प्रस्तावना :
व्यक्तीला समाजाशी जोडणारे बंध सैल होणे व आत्महत्या यांतील संबंध फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुरखीम यांनी १८९७ मध्ये मांडला. घर सोडून वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत या मांडणीची आजही प्रचिती येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आत्महत्या केली. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते. राज्यांमध्ये सर्वाधिक एकूण संख्या महाराष्ट्राची होती. प्राध्यापक हा मानसोपचारतज्ज्ञ नव्हे; तथापि अशा विद्यार्थ्याला रोज पाहणारी प्रौढ व्यक्ती पुष्कळदा तोच असतो.

पूर्वचिन्हे :
"मी असून नसून सारखाच", "आता कोणाला माझा त्रास होणार नाही" अशी वाक्ये विनोदाच्या ओघात येतात आणि विरून जातात. आवडत्या वस्तू वाटून टाकणे, मित्रांना टाळणे, झोप व जेवण बिघडणे, व्यसन वाढणे, हजेरी अचानक घसरणे ही अन्य चिन्हे होत. पूर्वी केलेला प्रयत्न विशेष गंभीर मानला जातो. दीर्घ उदासीनतेनंतर एकाएकी आलेली शांतता ही सुधारणाच असेल असे नाही. एखाद्या चिन्हावरून निष्कर्ष काढता येत नाही; त्या विद्यार्थ्याच्या नेहमीच्या वागण्यात पडलेला फरक महत्त्वाचा. (वेळेवर सबमिशन देणाऱ्या, गुणवान विद्यार्थ्याकडे या दृष्टीने सहसा कोणी पाहत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.)

विचारणा कशी करावी :
थेट विचारल्यास नसलेला विचार मनात येईल, ही भीती शिक्षकवर्गात खोलवर रुजलेली आहे. संशोधनातून तिला आधार मिळालेला नाही. उलट, कोणीतरी विचारले याने विद्यार्थ्याला हायसे वाटते. म्हणून एकांतात, आडपडदा न ठेवता, "जीव द्यावा असे विचार मनात येतात का?" असेच विचारावे आणि मग ऐकावे. "आईवडिलांचा तरी विचार कर", "एवढ्याशा ए.टी.के.टी.साठी?" ही वाक्ये सद्‌हेतूने उच्चारली जातात, पण अपराधभाव वाढवतात. "सर, कोणाला सांगू नका" या विनंतीला होकार देणे ही सर्वांत मोठी चूक होय. अनावश्यक वाच्यता होणार नाही, परंतु जिवाला धोका असल्यास मदत घ्यावीच लागेल, असे प्रथमच स्पष्ट करावे. घरी कळवतानाही कोणाला कळवावे हे विद्यार्थ्यालाच विचारावे. कधी कधी दुःखाचे मूळ घरातच असते.

विचार योजनेपर्यंत पोहोचला असेल, तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नये. धोकादायक वस्तू त्याच्या हाताशी राहणार नाहीत हे पाहावे व सोबत जाऊन जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. तातडीच्या मदतीसाठी ११२ क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या 'टेलि-मानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, विनामूल्य, अहोरात्र बोलता येते. विद्यार्थ्यास कसे हाताळावे याविषयी प्राध्यापकही तेथे सल्ला घेऊ शकतात.

कायदा आणि संस्था :
पोलीस चौकशीच्या धास्तीने प्रकरण दडपण्याची प्रवृत्ती आढळते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ च्या कलम ११५ ने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ राहिले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थ्यांच्या संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमावा, असे निर्देश दिले. मात्र समुपदेशन कक्षाचे दार शुल्क भरण्याच्या रांगेसमोर उघडत असेल, तर तेथे पाऊल टाकण्यास कोण धजावेल?

उपचारानंतर विद्यार्थी वर्गात परततो, तेव्हा हजेरीची तूट, राहिलेला परीक्षा अर्ज आणि सहाध्यायांच्या नजरा त्याची वाट पाहत असतात. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी प्राध्यापक कार्यालयात स्वतः जाऊन, तो परतण्यापूर्वीच, मार्गी लावू शकतात.