एअरबॅगचा दिवा : लक्षण आणि निदान

गाडीची चावी फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचे चिन्ह काही सेकंद पेटते आणि विझते. यंत्रणा त्या वेळी स्वतःची तपासणी करीत असते. दिवा विझलाच नाही तर मंडलात कोठेतरी दोष आहे. अपघातात एअरबॅग उघडेल याची खात्री उरलेली नाही. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. त्यामुळे या दिव्याचा अर्थ सर्वांनाच ठाऊक हवा.

गेल्या पावसाळ्यात बेळगावात आमच्या गाडीचा हा दिवा पेटून राहिला. मुलगी हीच गाडी घेऊन रोज खानापूरला नोकरीस जाते. एका गॅरेजात सल्ला मिळाला, ‘‘एक रेझिस्टर लावून देतो, दिवा जाईल.’’ दिवा खरोखरच जातो. पण बॅगेच्या जागी रेझिस्टर बसला की बॅग कधीच उघडत नाही.

दुसऱ्या मिस्त्रींना मी दिव्याबरोबर बंद पडलेल्या हॉर्नचीही तक्रार सांगितली. ते म्हणाले, ‘‘सर, हे दोन रोग न्हाईत, एकच हाय.’’

कारण सोपे आहे. स्टिअरिंग फिरते, त्यातील बॅगेला मात्र वीज सतत मिळायला हवी. म्हणून चाकाखाली घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चपटी वायर असते. गॅरेजात तिला ‘क्लॉक स्प्रिंग’ म्हणतात. हॉर्नची वायरही बहुधा तिच्यातूनच जाते. वर्षानुवर्षे वळून ती तुटते.

तर्क झाला, आता पुरावा. स्कॅनरने चालकाच्या बॅगेच्या मंडलात रोध जास्त असल्याचे दाखवले. मिस्त्रींनी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली आणि दहा मिनिटे थांबले. नियंत्रकातील कपॅसिटरमध्ये बॅग उडवण्याइतकी वीज काही काळ शिल्लक राहते. मग पिवळे कनेक्टर सोडवून बॅग बाजूला ठेवली. बॅगेला मल्टिमीटर कधीही लावायचा नसतो. त्याच्या प्रवाहानेही ती पेटू शकते. तिच्या जागी, केवळ चाचणीपुरता, सुमारे दोन ओहमचा रेझिस्टर लावला. दोष तसाच राहिला, म्हणजे बॅग निर्दोष. पुन्हा बॅटरी सोडवून, तेवढेच थांबून, दोन्ही टोकांनी मोकळी केलेली क्लॉक स्प्रिंग मीटरवर हळूहळू फिरवली, तेव्हा जोड मध्येच तुटत असल्याचे दिसले.

नवी स्प्रिंग बसवताना पुढची चाके सरळ आणि स्प्रिंग मध्यावर हवी. नाहीतर पहिल्याच पूर्ण वळणावर ती तुटते. शेवटी कोड पुसून दिवा वेळेवर विझतो का, हे पाहिले.

हे काम घरी करण्याचे नव्हे. पण गाडी परत घेताना तीन गोष्टी आपण मागू शकतो : आधीचा दोष-कोड, काढलेला जुना भाग आणि दुरुस्तीनंतरचा कोड. अर्थ न लावता खूण पुसणे कवितेच्या अभ्यासात एक गुण घालवते. इथे त्याची किंमत जिवाने मोजावी लागते.