नकाशांचं जिथे पटत नाही, तिथे जायचं

भूगोलाच्या पदव्युत्तर वर्गाला ओढ्यावर न्यायचं, तर आधी काही दिवस संगणकाच्या खोलीत बसवावं लागतं. पोरं कुरकुरतात. गमबूट घालून पाण्यात उतरायच्या तयारीने आलेल्यांना पडद्यावरच्या रेषा बघत बसणं जिवावर येतं. पण पुलावर उभं राहिलं की दिसून दिसून किती दिसणार? शंभरेक पावलं वर आणि तेवढीच खाली. ते पाणी कुठल्या उतारावरून गोळा झालं, वाटेत कशाने अडलं, पंचवीस वर्षांपूर्वी पात्र कुठून जात होतं, हे काठावर उभं राहून कळत नाही. ते घरूनच बघून निघायचं.

आमचा अभ्यासाचा प्रवाह म्हणजे पुण्याची रामनदी. मुळशी तालुक्यात खाटपेवाडीकडे उगम, मग भुकूम, भूगाव, बावधन, पाषाण तलाव, सोमेश्वरवाडी आणि शेवटी औंधकडे मुळा नदीशी संगम. लांबी सुमारे १९ किलोमीटर. डोंगर, शेतं, महामार्ग, तलाव आणि दाट वस्ती एवढ्याशा अंतरात भेटतात, म्हणून शिकवायला ही नदी फार सोयीची.

पहिला नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाचा. १७६७ साली सुरू झालेल्या या खात्याची टोपोशीट आता घरबसल्या उतरवून घेता येते. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. जुन्या क्रमांकपद्धतीत पुणे शहराचं पान ४७ एफ/१४. बारमाही पाणी निळ्या रंगात, उन्हाळ्यात आटणारा प्रवाह काळ्या. समोच्च रेषा दर २० मीटर उंचीला एक. ओढा ओलांडताना ती उगमाच्या दिशेला टोक काढते. ही टोकं एकाखाली एक ओळीने दिसू लागली की रेषा काढलेली नसली तरी तिथे घळ आहे असं समजावं. हे वाचन मी आधी बोटानेच करून घेते, माउसने नंतर.

दुसरा नकाशा आकाशातून आला. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने ११ दिवसांत रडारने पृथ्वीचा बराच मोठा भाग मोजला. त्या मोहिमेचा, म्हणजे एसआरटीएमचा, उंचीचा डेटा सुमारे ३० मीटरच्या चौकटीत फुकट मिळतो. क्यूजीआयएस हेही फुकटचं सॉफ्टवेअर. त्यात हा डेटा घातला की संगणक प्रत्येक चौकटीला विचारतो, तुझ्या आठ शेजाऱ्यांपैकी सर्वांत तीव्र उतार कुणाकडे? पाणी त्याच्याकडे सोडायचं. असं करत सगळ्या चौकटींचं पाणी गोळा होत जातं आणि ओढ्यांचं जाळं उमटतं. ओढा कुठून सुरू झाला म्हणायचं, हे मात्र आपण सांगायचं. शंभर चौकटींचं पाणी एकत्र आल्यावर ओढा धरला, तर ते झाले ९ हेक्टर. पाचशे धरल्या तर ४५ हेक्टर. आकडा बदलला की डोंगरावरचे डझनभर ओढे गायब. पडद्यावरचा उगम हा असा आपणच ठरवलेला असतो. खरा उगम पायी जाऊन बघायचा.

तिसरा नकाशा महसूल खात्याचा. ‘महाभूनकाशा’वर गाव निवडलं की गटांच्या हद्दी दिसतात आणि त्यांच्यामधून वाकडीतिकडी जाणारी ओढ्याची पट्टीही. तो मोजणीच्या वेळचा ओढा. चौथा म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप. हा कुणीही काढावा, कुणीही दुरुस्त करावा असा नकाशा. त्यातला ओढा कुणा उत्साही माणसाने उपग्रहचित्र बघून गिरवलेला असतो.

हे चारही एकावर एक ठेवले की वर्गात गलका होतो, कारण रेषा जुळत नाहीत.

“मॅडम, यातली खरी कुठली?”

प्रत्येक रेषा आपापल्या सालापुरती आणि आपापल्या कामापुरती खरी असते. मी पोरांना रेषा जुळवायला सांगत नाही. जिथे त्या फुटतात तिथे लाल ठिपका द्यायला सांगते. आमच्या थांब्यांची यादी या लाल ठिपक्यांतून तयार होते. एरवी दर किलोमीटरला एक थांबा घेता येईल, पण त्यातले निम्मे आधीच माहीत असलेली गोष्ट पुन्हा सांगतील. ठिपक्याच्या जागी काहीतरी घडलेलं असण्याची शक्यता जास्त.

फुटण्याची कारणंही ठरलेली असतात. महामार्गाचा भराव उंचीच्या डेटात धरणासारखा दिसतो, कारण त्याखालची मोरी वरून बघणाऱ्या रडारला कळत नाही; मग संगणक ओढ्याला भरावाच्या कडेने भलतीकडे वळवतो. तिथे जाऊन मोरी शोधायची, तिची रुंदी-उंची मोजायची, आत गाळ आणि प्लॅस्टिक किती साचलंय ते लिहायचं. दाट झाडी आणि इमारतींवर रडार वरचा पृष्ठभाग धरतं, त्यामुळे तिथली ‘जमीन’ उगाच उंच होते. गावनकाशात मोकळी पट्टी आहे आणि ताज्या उपग्रहचित्रात पार्किंग, तर ओढा पाइपात घातला, सरकवला की बुजवला, हे बघायला जायचं. गूगल अर्थ प्रोमधली जुनी चित्रं एकामागून एक बघितली की बदल साधारण कुठल्या वर्षांत झाला तेही समजतं. एसआरटीएमला मी जुना म्हणून बाजूला सारत नाही. बावधनच्या आजच्या बऱ्याचशा इमारती उभ्या राहण्याआधीचा उतार त्यात आहे. पण त्याच्या उंचीत काही मीटरची चूक असू शकते, म्हणून दोन मीटरचा भराव त्यात शोधू नये.

पाण्याचा पसारा बघायला युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं आहेत, १० मीटरच्या चौकटीची आणि साधारण दर पाच दिवसांनी. हिरव्या आणि जवळच्या अवरक्त प्रकाशाच्या तुलनेतून पाणी वेगळं काढण्याची पद्धत मॅकफीटर्स यांनी १९९६ मध्ये मांडली. पाषाण तलावावर ती लावली की मजा होते. जलपर्णी माजली असेल तर तेवढा तलाव पडद्यावर चक्क पाणी नसल्यासारखा दिसतो, कारण उपग्रहाला वरचा हिरवा पालाच दिसतो. म्हणजे तलाव आटला की झाकला गेला, हा आणखी एक लाल ठिपका. पावसाळ्यात ढगांमुळे ही चित्रं कामाची राहत नाहीत. तेव्हा ढगांतून बघणारं सेंटिनेल-१चं रडार वापरायचं. आणि तीन-चार मीटर रुंदीचा ओढा १० मीटरच्या चौकटीत नीट दिसेल ही अपेक्षा ठेवायची नाही.

पावसाचे आकडे शहरातले घेऊन चालत नाही. नदीचं डोकं मुळशीत आणि पाऊस पश्चिमेकडे वाढत जाणारा, म्हणून कृषी विभागाच्या ‘महारेन’वर मुळशीतल्या मंडळांचा पाऊस बघून निघायचं. पुण्यात ऊन असलं तरी वरून लोंढा येऊ शकतो. इशारा असेल त्या दिवशी काम रद्द, चर्चा नाही.

प्रत्यक्ष मोजमाप अगदी साधं. दहा मीटरच्या सरळ पात्रात संत्रं सोडायचं, सेकंद मोजायचे. पृष्ठभागाचा वेग तळाच्या मानाने जास्त असतो, म्हणून त्याला साधारण ०.८५ने गुणायचं. पात्र ३ मीटर रुंद, सरासरी २० सेंटिमीटर खोल आणि संत्र्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर असेल, तर प्रवाह झाला सेकंदाला २५५ लिटर. या आकड्याला अर्थ येतो तो घरी काढलेल्या पाणलोटामुळे. त्या जागेच्या वर किती चौरस किलोमीटर उतार आहे हे माहीत असेल, तर दोन थांब्यांची तुलना करता येते. एप्रिलमध्ये वरचं पात्र कोरडं आणि वस्तीतलं मात्र वाहतंय असं दिसलं, तर ते पाणी पावसाचं नाही. कुठला नळ, कुठलं सांडपाणी मिसळतंय ते काठाने शोधत जायचं.

निघण्याआधी नकाशे क्यूफील्ड या ॲपमध्ये घालून मोबाइलवर उतरवून घ्यावेत, कारण घळीत रेंज जाते. मोबाइलचं जीपीएस मोकळ्यावर पाचेक मीटरपर्यंत नेमकं असतं, झाडीत आणि उंच इमारतींमध्ये त्याहून वाईट. म्हणून नोंदीबरोबर ‘पुलाच्या डाव्या अंगाला, वडाखाली’ असं शब्दांतही लिहावं. खासगी शेतातून जायचं तर मालकाला आधी विचारावं. तो बहुधा सोबतच येतो आणि पूर कुठल्या बांधापर्यंत चढला होता ते दाखवतो. अशी खूण कुठल्याच पोर्टलवर मिळत नाही, ती तिथल्या तिथे नकाशात घालायची.

परत आल्यावरचं काम पोरांना सर्वांत आवडतं. प्रत्येक लाल ठिपक्यापुढे काय सापडलं ते लिहायचं आणि ओपनस्ट्रीटमॅपवरची चुकलेली रेषा स्वतः दुरुस्त करायची: इथे मोरी आहे, इथून पुढे ओढा जमिनीखालून जातो. त्यासाठी फक्त एक खातं लागतं. तुमच्या गावच्या ओढ्यालाही हे लागू आहे. दोन नकाशे शेजारी उघडा, कुठे पटत नाही ते टिपा आणि पावसाआधी एकदा, पावसानंतर एकदा तिथे जाऊन या.