संगीत-संग्रहातील फोल्डरांचे स्थानांतर

संगणकावर जतन केलेल्या ध्वनिमुद्रणांची सूची राखणाऱ्या आज्ञावल्या वापरणाऱ्यांस एक अनुभव वारंवार येतो. 'भीमसेन जोशी' आणि 'पं. भीमसेन जोशी' अशा दोन फोल्डरांत विखुरलेली मुद्रणे एकत्र आणण्यासाठी संग्राहक ती एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवितो. ध्वनीस यत्किंचितही धक्का लागत नाही. तरीही सूचीत ती मुद्रणे सापडत नसल्याची खूण उमटते, अथवा तीच मुद्रणे नव्याने आल्याप्रमाणे दाखल होतात. याची कारणमीमांसा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अशा संग्रहात दोन भिन्न गोष्टी एकत्र नांदत असतात: एक प्रत्यक्ष ध्वनिफाईल आणि दुसरी आज्ञावलीच्या डेटाबेसमधील तिची नोंद. गायक, शीर्षक, वर्ष इत्यादी माहिती सामान्यतः फाईलमध्येच असते. एमपी३ फाईलींसाठी १९९६ मध्ये निघालेल्या आयडी३ पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीत त्यासाठी फाईलच्या अखेरीस १२८ बाइट राखून ठेवलेले असत. याउलट एखादे मुद्रण किती वेळा ऐकले, त्यास कोणती श्रेणी दिली, ते कोणत्या गीतक्रमात गुंफले आणि संग्रहात केव्हा आले, हे बहुधा केवळ नोंदीतच असते. फाईल दुसरीकडून पुन्हा मिळविता येईल. अनेक वर्षांच्या श्रवणातून साठलेली ही माहिती मात्र अन्यत्र कोठेही नसते.

नोंद आणि फाईल यांस जोडणारा दुवा पुष्कळदा फाईलचा पत्ता, म्हणजे डिस्कपासून फाईलपर्यंतच्या फोल्डरांची नामावली, हाच असतो. त्यातील एक अक्षर बदलले तरी दुवा तुटतो. ग्रंथालयशास्त्रास हा प्रश्न अपरिचित नाही. पूर्वी अनेक ग्रंथालयांत ग्रंथाचा क्रमांक म्हणजे कपाट व फळी यांवरील त्याची ठराविक जागा असे. साहजिकच कपाटांची मांडणी बदलली की क्रमांकही बदलावे लागत. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दशांश वर्गीकरणात क्रमांक जागेस न देता विषयास दिला आणि ही अडचण दूर झाली.

संगीताच्या आज्ञावल्यांतही असेच स्थित्यंतर दिसते. आयट्यून्समध्ये प्रत्येक नोंदीस स्थायी क्रमांक असून पत्ता निराळा लिहिलेला असतो. त्यामुळे फाईल हरवली तरी नोंद उरते आणि नवी जागा दाखवून दिल्यास दुवा पुन्हा जुळतो. नॅव्हिड्रोममध्ये पूर्वी मुद्रणाचा क्रमांक पत्त्यावरूनच काढला जाई. २०२५ मधील ०.५५ या आवृत्तीपासून ओळख फाईलमधील माहितीवरून ठरू लागली: म्यूझिकब्रेन्झचा क्रमांक असल्यास त्यावरून, नसल्यास अल्बम, गीताचा अनुक्रम व शीर्षक इत्यादींवरून. तथापि हा उपायही निरपवाद नव्हे. फोल्डर हलविताना त्याच वेळी शीर्षकेही सुधारली, तर जुना पत्ता आणि जुनी ओळख अशा दोन्ही खुणा एकदम नाहीशा होतात.

यावरून व्यवहारात पाळावयाचे काही नियम निष्पन्न होतात. प्रथम डेटाबेसची प्रत काढून ठेवावी. आज्ञावलीतूनच नाव बदलण्याची सोय असल्यास तीच वापरावी, कारण तेथे फाईल व नोंद दोन्ही एकाच वेळी बदलतात. बाहेरून बदल करणे भाग असल्यास आधी स्थानांतर, मग पडताळणी आणि त्यानंतरच शीर्षकांची दुरुस्ती, असा क्रम ठेवावा. प्लेक्समध्ये प्रत्येक पडताळणीनंतर कचरापेटी आपोआप रिकामी करण्याची सोय आधी बंद करावी, म्हणजे फाईल न सापडल्यामुळे नोंद लगेच पुसली जात नाही. गीतक्रमाच्या एम३यू फाईलींत संपूर्ण पत्त्याऐवजी सापेक्ष पत्ते लिहावेत. त्यायोगे त्या फाईलीसह सबंध संग्रह दुसऱ्या डिस्कवर नेला तरी गीतक्रम अबाधित राहतो.

सारांश, फोल्डराचे नाव बदलणे ही डिस्कच्या दृष्टीने किरकोळ क्रिया असली, तरी सूचीच्या दृष्टीने ते ओळखीचेच परिवर्तन ठरू शकते. म्हणून आपली आज्ञावली फाईलीस कोणत्या खुणेने ओळखते, हे संग्राहकाने स्थानांतरापूर्वीच जाणून घेणे अगत्याचे आहे.