नोंद घेता घेता

एक माणूस नोंदवही घेऊन गावात येतो. त्याच्याजवळ गोळी नाही, इंजेक्शन नाही, फक्त प्रश्न आहेत. त्याच्या येण्यानं एखाद्या बाईचा कॅन्सर वेळेत सापडेल का?

बार्शीच्या परिसरात तसे सापडले! १९८७ मध्ये तिथल्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलाशी जोडून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहरात अशी नोंदणी सोपी असते. रुग्णालयांत जायचं, कागद उतरवून घ्यायचे. पण जिथं रोगी रुग्णालयापर्यंत पोचतच नाही, तिथं काय उतरवून घेणार? पांढरं जातंय, पाळी गेल्यावरही रक्त दिसतंय, बाई सगळं अंगावर काढते आणि तशीच जाते. तिची नोंद कुठेच होत नाही.

म्हणून डॉ. कस्तुरी जयंत आणि सहकाऱ्यांनी वाट उलटी केली. प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते बार्शी, परांडा, भूमच्या गावांत पुन्हा पुन्हा जात. लोकांना लक्षणं समजावत, शंका आली की तपासणीला पाठवत. हेतू मोजदादीचा होता. आणि काही वर्षांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात सापडू लागला. उपचार तेच, दवाखाना तोच, पण बायका आधी येऊ लागल्या. मोजणाऱ्यांनी मोजायची गोष्टच बदलून टाकली होती.

मग पुढचा प्रश्न आपोआप आला. लक्षण दिसण्याचीही वाट का पाहायची?

त्याचं उत्तर शोधलं गेलं शेजारच्याच मुलखात. म्हणजे उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात. १९९९ मध्ये या जिल्ह्यात टाटा मेमोरियल, बार्शीचं हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून एक अभ्यास मांडला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका, गावांचे ५२ समूह. कोणत्या समूहात कोणती तपासणी हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं. काहींत गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावून पांढरा डाग उमटतो का ते पाहायचं. काहींत पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासायच्या. काहींत थेट एचपीव्ही विषाणूच शोधायचा, कारण हा कॅन्सर जवळजवळ नेहमी त्याच्यामुळे होतो. पहिल्या दोन तपासण्या शेतात उगवलेलं तण बघतात. तिसरी मातीतलं बी ओळखते.

चौथ्या गटाला माहिती आणि नेहमीची सेवा मिळाली, तपासणी नाही. यावर पुढे कडक टीका झाली. ती झाली हे बरंच झालं. ज्या बायकांच्या जिवावर ज्ञान उभं राहतं, त्यांना काय मिळालं हे विचारलंच पाहिजे.

आता निकाल बघा. एचपीव्ही तपासणी झाली फक्त एकदा. आयुष्यात एकच वेळ! तरी आठ वर्षांच्या पाठपुराव्यात तपासणी नसलेल्या गटात या कॅन्सरनं ६४ मृत्यू झाले, एचपीव्हीच्या गटात ३४. जवळपास निम्मे. बाकीच्या दोन तपासण्यांनी मृत्यूंत असा ठळक फरक पडला नाही. मला सर्वांत थक्क करतो तो आणखी एक आकडा. ज्यांची तपासणी निर्दोष आली, त्यांच्यात पुढे कॅन्सर किती झाला? दर लाखामागे वर्षाला, सूक्ष्मदर्शकानं तपासलेल्यांत १५.५, आम्ल लावून पाहिलेल्यांत १६. एचपीव्ही नसलेल्यांत ३.७. म्हणजे तुला काही नाही, असं एखाद्या बाईला सांगायचं तर सर्वांत भरवसा याच तपासणीचा.

हे निष्कर्ष २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. त्यांच्यामागे मोठी माणसं होतीच, डॉ. शंकरनारायणन, डॉ. नेने, डॉ. शास्त्री. पण नमुना घेणारे हात प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांचे होते. लाजणाऱ्या बाईला टेबलावर झोपायला राजी करणं, हे संशोधनातलं सर्वांत अवघड काम त्यांनीच पार पाडलं.

२०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एचपीव्हीच्या डीएनए चाचणीलाच पहिली पसंती दिली. सर्वसाधारण स्त्रियांसाठी वयाच्या तिशीपासून, पाच ते दहा वर्षांच्या अंतरानं. आणि त्यात एक सोय आहे जी आम्ल किंवा काचपट्टी कधीच देऊ शकत नव्हती. नमुना बाई स्वतःच घेऊ शकते, आडोशाला, कुणापुढे न झोपता.