खताला पाणी का सुटतं?

जुलै महिन्यात मुंबईत किंवा कोकणात कॅल्शियम नायट्रेटचं पाकीट फोडा आणि बाल्कनीतल्या फळीवर तसंच उघडं राहू द्या. बघता बघता दाणे एकमेकांना चिकटतात, पुढे पाकिटात पांढरा रबरबाट होतो. आत पावसाचा थेंबही गेलेला नसतो. हे पाणी येतं थेट हवेतून.

पाण्यात विरघळणाऱ्या प्रत्येक खताची हवेतल्या दमटपणाची एक मर्यादा ठरलेली असते. हवा त्याहून कोरडी असेल तर दाणे सुटे राहतात. ती मर्यादा ओलांडली की खत हवेतली वाफ ओढून घेतं आणि त्या पाण्यात स्वतःच विरघळू लागतं. ३० अंश सेल्सिअस तापमानाला ही मर्यादा कॅल्शियम नायट्रेटसाठी सुमारे ४७ टक्के, युरियासाठी ७२ ते ७५ टक्के, म्युरेट ऑफ पोटॅशसाठी ८४ टक्के, तर सल्फेट ऑफ पोटॅशसाठी ९६ टक्क्यांच्या आसपास आहे. पावसाळ्यात किनारपट्टीवरची हवा दिवसच्या दिवस ८० टक्क्यांहून दमट असते. त्यामुळे त्याच फळीवर शेजारी ठेवलेलं सल्फेट ऑफ पोटॅश खडखडीत कोरडं राहतं आणि कॅल्शियम नायट्रेटला मात्र पाणी सुटतं.

खरी गंमत मिश्रणात आहे. दोन खतं एकत्र केली की मिश्रणाची मर्यादा बहुधा दोघांच्याही खाली उतरते. अमोनियम नायट्रेटची मर्यादा सुमारे ५९ टक्के. ते युरियात मिसळलं की मर्यादा थेट १८ टक्क्यांवर येते, म्हणजे ते मिश्रण भर उन्हाळ्यातही ओलं होणार. उरलंसुरलं खत एकाच डब्यात ओतून ठेवण्याची सवय म्हणूनच मोडायला हवी.

गाठी झालेलं खत मात्र फेकू नका. त्यातलं नत्र किंवा पालाश कुठे गेलेलं नसतं. गाठी फोडा, पाण्यात विरघळवा आणि वापरा. फक्त मोजणी थोडी चुकते, कारण चमचाभर ओल्या खतात पाण्याचंही वजन असतं.

खत कोरडं ठेवायचं तर पाकिटाचं तोंड दुमडून, चिमटा लावून ते पाकिटासकट घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवावं. पत्र्याचा डबा नको, क्षारांमुळे तो गंजतो. ऊनही नको. दिवसा तापलेल्या पिशवीत ओलावा वर चढतो, रात्री पिशवी गार झाली की तोच वरच्या थरावर जमतो आणि तिथे पापडी धरते.

फ्लॅटमध्ये अशा वस्तूंची हमखास जागा म्हणजे सिंकखालचं कपाट. फिनेल, ब्लीचिंग पावडर, जुने ब्रश आणि त्यांच्या जोडीला खत. ती जागा दमट तर असतेच, शिवाय ब्लीचिंग पावडर युरियात किंवा अमोनियमयुक्त खतात मिसळली गेली तर विषारी वायू तयार होतात. चुना किंवा चुलीतली राख डीएपीत मिसळली तर नाकात जाणारा उग्र वास येतो. तो अमोनिया असतो, म्हणजे पैसे मोजून आणलेलं नत्र हवेत चाललेलं असतं. १३:०:४५ या नावाने मिळणारं खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आपला जुना सोरा. तो स्वतः पेटत नाही, पण पेटलेल्याला ऑक्सिजन पुरवतो. गॅस सिलिंडर, रॉकेल, वाळका पालापाचोळा आणि कोकोपीटची पोती यांच्यापासून तो लांब असावा.

ओलावा खताचं नुकसान करतो. त्याहून मोठी काळजी मला वाटते ती खत ओळखण्यात होणाऱ्या चुकीची. पाकिटातून काढून बरणीत ओतलेला युरिया साबुदाण्यासारखा दिसतो, एप्सम सॉल्ट साखरेसारखं. मोरचूद खत नव्हे, बुरशीनाशक. पण ते खतांच्याच फळीवर असतं आणि त्याचे निळे खडे लहान मुलांना खडीसाखरेइतके मोहात पाडतात. ते पोटात गेले तर जिवावर बेततं. शीतपेयाच्या बाटलीत भरलेलं द्रवरूप खत तर कधीही, कुठल्याही घरात ठेवू नये. मुलाने काही गिळलंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. पाकीट हातात घ्या आणि दवाखाना गाठा. डॉक्टरांना त्यावरच्या घटकांच्या यादीचा उपयोग होतो.

गावाकडे हाच धोका गोठ्यात असतो. फाटलेल्या पोत्यातला युरिया गाय चाटते किंवा युरिया कालवलेल्या बादलीतलं पाणी पिते. तिच्या कोठीपोटातले जिवाणू त्या युरियाचा झपाट्याने अमोनिया करतात. यकृताला तो आवरत नाही. पोट फुगतं, अंग थरथरतं आणि काही तासांत जनावर दगावू शकतं. युरियाचं पोतं गोठ्यात ठेवूच नये.

‘सेंद्रिय आहे, त्याला काय होतंय’ हे वाक्य मला सर्वांत घातक वाटतं. एरंडीची पेंड चांगलं खत आहे, पण एरंडीच्या बीत रायसिन नावाचं जहाल विष असतं. पेंडीवर नीट प्रक्रिया झाली नसेल तर ते तिच्यातही राहतं. हाडांच्या चुऱ्याचा वास कुत्र्यांना ओढून आणतो आणि दोन्ही एकत्र असतील तर कुत्रं पेंडही खातं. रायसिन पेशींमधलं प्रथिनं बनवण्याचं काम बंद पाडतं आणि त्यावर उतारा नाही. लक्षणं दिसायला कित्येक तास लागतात, म्हणून पेंड खाल्लेली दिसताच पशुवैद्याकडे न्यावं. जीवामृताची तऱ्हा निराळी. त्यात आंबण्याची क्रिया चालू असते, वायू सुटत राहतो आणि बाटलीचं बूच घट्ट बसवलं तर बाटली फुगून फुटू शकते. त्यावर फडकं बांधावं आणि आठवड्याभरात ते संपवावं.

इतकं सगळं साठवायचं तरी किती? १९:१९:१९ हे खत कुंड्यांसाठी लिटरभर पाण्यात २ ग्रॅम घेतलं, तर १ किलोच्या पाकिटात ५०० लिटर द्रावण होतं. वीस कुंड्यांच्या बागेला ते पाकीट दोन पावसाळ्यांतही संपत नाही. उरलेलं खत गटारात किंवा संडासात ओतू नये. ते पाणी पुढे नदीत आणि तलावात जातं आणि तिथे शेवाळ माजवतं. त्यापेक्षा सोसायटीतल्या तीन-चार घरांनी मिळून एकच पाकीट घ्यावं. वाटून घेताना प्रत्येक डब्यावर खताचं नाव, फोडल्याची तारीख आणि ‘खाण्यासाठी नाही’ हे शब्द पक्क्या शाईने लिहावेत, आणि डबे मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंच फळीवर ठेवावेत.