स्मिथ स्क्वेअरचा वाद्यवृंद

लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागातील सेंट जॉन्स स्मिथ स्क्वेअर हे संगीत सभागृह आणि साउथबँक सिंफोनिया हा तरुण वादकांचा वाद्यवृंद 2021 साली एका संस्थेत विलीन झाले. पुढे या संस्थेने सिंफोनिया स्मिथ स्क्वेअर असे नाव घेतले आणि इमारत स्मिथ स्क्वेअर हॉल म्हणून ओळखली जाऊ लागली. सभागृह एकाचे आणि वादक दुसऱ्याचे, ही लंडनमधली रूढ व्यवस्था आहे. ती बाजूला ठेवून दोन लहान संस्थांनी एकत्र संसार मांडला.

ही इमारत मूळची चर्च. लंडनची वस्ती झपाट्याने वाढत होती, तेव्हा 1711 च्या एका कायद्याने शहरात पन्नास नवी चर्चे बांधायचे ठरले. प्रत्यक्षात त्यांतली डझनभरच उभी राहिली. त्यांपैकी हे एक. वास्तुरचनाकार थॉमस आर्चर यांनी ते भारदस्त बरोक शैलीत बांधले आणि 1728 मध्ये ते पूर्ण झाले. चार कोपऱ्यांवरचे चार मनोरे ही त्याची खूण. चर्च कसे हवे असे आर्चरने विचारले, तेव्हा ॲन राणीने पायाखालचे चौरंगासारखे आसन लाथेने उलटे केले आणि ‘असे’ म्हणून दाखवले, अशी आख्यायिका आहे. ‘राणीचे पायठाण’ हे टोपणनाव तिथूनच आले. आख्यायिकेपेक्षा जमिनीचे कारण अधिक पटण्यासारखे आहे. थेम्सकाठची ती जमीन दलदलीची होती, बांधकाम चालू असतानाच इमारत खचू लागली होती आणि चारी कोपऱ्यांवर सारखे वजन असणे सोयीचे होते. चार्ल्स डिकन्सला मात्र ही वास्तू अजिबात आवडली नाही. ‘आवर म्युच्युअल फ्रेंड’ या कादंबरीत त्याने तिला चारी पाय वर करून उताण्या पडलेल्या राक्षसाच्या पंक्तीला बसवले आहे.

इमारतीच्या नशिबी आपत्तीही पुष्कळ आल्या. 1742 मध्ये आग लागली, 1773 मध्ये वीज पडली आणि 10 मे 1941 च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात आतला सगळा भाग जळून गेला. त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ नुसत्या भिंती उभ्या होत्या. 1960 च्या दशकात काही नागरिकांनी मंडळ स्थापून निधी जमवला. वास्तुरचनाकार मार्शल सिसन यांनी आर्चरच्या मूळ रचनेला धरून जीर्णोद्धार केला, पण तो प्रार्थनेसाठी नव्हे, संगीतासाठी. ऑक्टोबर 1969 मध्ये विख्यात गायिका जोन सदरलँड यांच्या मैफलीने सभागृह सुरू झाले. पुढे बीबीसीने इथल्या दुपारच्या मैफली अनेक वर्षे रेडिओवरून ऐकवल्या, त्यामुळे लंडनला कधी न गेलेल्या श्रोत्यांच्याही कानांत या जागेचा नाद बसला. याच चौकात काँझर्व्हेटिव्ह पक्षाचे मुख्यालय अनेक दशके होते आणि मजूर पक्षाचेही. इतक्या राजकीय गोंगाटाच्या शेजारी इतकी उत्तम ऐकण्याची जागा असावी, ही गंमतच म्हणायची.

नादाचा मुद्दा थोडा उलगडायला हवा. उंच छत आणि दगडी भिंती यांमुळे इथे स्वर वाजून संपला तरी त्याची आस काही क्षण मागे रेंगाळते. समूहगान, ऑर्गन, मोत्सार्टच्या काळातल्या बेताच्या आकाराच्या वाद्यवृंदाचे संगीत यांना ती आस साथ देते. शंभर वादकांची प्रचंड सिंफनी वाजवली, तर तीच आस सूर एकमेकांत कालवून टाकते. तीस-पस्तीस वादकांचा वृंद या जागेला नेमका बसतो.

साउथबँक सिंफोनिया हा तेवढाच वृंद होता. संचालक सायमन ओव्हर यांनी 2002 मध्ये तो स्थापन केला, तो थेम्सच्या दुसऱ्या काठावर, वॉटर्लूच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये. संगीत महाविद्यालयातून बाहेर पडलेले सुमारे 33 वादक चाचणी घेऊन निवडायचे, त्यांना शिष्यवृत्ती द्यायची, वर्षभर एकत्र वाजवायला लावायचे आणि पुढच्या वर्षी नवी तुकडी घ्यायची, अशी ही पद्धत आहे. तिची गरज ब्रिटनमधल्या वादकाच्या धंद्यातून निर्माण झाली. पदवी हातात असली तरी नामांकित वाद्यवृंदात कायमची जागा सहजी मिळत नाही. चाचणीत निवडलेल्या उमेदवारालाही पुष्कळदा महिनोन्‌महिने अधूनमधून बोलावून आजमावले जाते. तोवर बदली वादक म्हणून आज इथे, उद्या तिथे वाजवायचे. लंडनमध्ये तालमी अगदी मोजक्या असतात, त्यामुळे नवे पान समोर आले की पहिल्याच वाचनात नीट वाजवता आले पाहिजे. शेजारच्या वादकाचा श्वास ओळखून आपला स्वर त्याच्यात मिळवणे वर्गात फारसे शिकवता येत नाही. अनुभवी वादकांच्या खांद्याला खांदा लावून ते अंगवळणी पडते. म्हणून या वृंदाने रॉयल ऑपेरा हाउस आणि अकॅडमी ऑफ सेंट मार्टिन इन द फील्ड्स यांसारख्या संस्थांशी सहयोग केला. नॅशनल थिएटरच्या 2016 मधल्या ‘अमेडिअस’ नाटकात तर हे वादक कोपऱ्यात न बसता रंगमंचावर, नटांच्या बरोबरीने वावरले.

आता सभागृह आणि वृंद या दोघांची अडचण पाहू. स्वतःचा वृंद नसलेल्या सभागृहाला भाड्यावर दिवस काढावे लागतात, आणि सभागृह नसलेल्या वृंदाला भाडे भरावे लागते. मराठी नाट्यव्यवसायात नाट्यगृहाच्या तारखांसाठी निर्मात्यांची जी धावपळ चालते, तीच ही. 2020 मध्ये कोविडने ब्रिटनमधली सभागृहे बंद पाडली, तेव्हा भाडेही आटले आणि मैफलीही. विलीनीकरण त्याच्या पाठोपाठ झाले.

त्यातला सांगीतिक लाभ मात्र पैशापेक्षा मोठा वाटतो. तालीम एका खोलीत आणि मैफल दुसऱ्याच जागी असली, की वादकांना आयत्या वेळी सगळे तोलून घ्यावे लागते. रोज त्याच छताखाली वाजवणारा वृंद जागेचा नाद आपल्या वाजवण्यात मुरवून घेतो. ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाउ वाद्यवृंदाची घडण अशीच झाली. तिथे सभागृह आणि वृंद दोन्ही 1888 चे, आणि 1952 पर्यंत त्यांचा कारभारही एकत्र होता. लंडनमध्ये स्वतःचे घर असलेला वृंद विरळाच. लंडन सिंफनीसारखा जगप्रसिद्ध वृंददेखील बार्बिकन केंद्रात निवासी म्हणून वाजवतो, मालक म्हणून नव्हे.

स्मिथ स्क्वेअरच्या वादकांची तुकडी मात्र दरवर्षी बदलते. त्यामुळे जागेशी जुळवून घेण्याचा अभ्यास दर वर्षी पहिल्यापासून करावा लागतो, आणि मुरलेल्या वृंदाचा कायमचा असा एक नाद इथे साचत नाही. संस्थेचा उद्देश वादक घडवून पुढे पाठवण्याचा असल्याने ही किंमत तिने जाणून मोजली आहे. वर्षातल्या सगळ्या तारखाही या 33 जणांच्या नाहीत. नाताळातले आणि ईस्टरपूर्वीच्या आठवड्यातले समूहगान, इतर वृंदांचे कार्यक्रम, ध्वनिमुद्रण असे सभागृहाचे जुने काम चालूच असते आणि त्यातून येणारे भाडे आता वृंदाच्याही उपयोगी पडते.